आजोबांचा दरवाजा

ऐरणीवरचा हातोडा थांबवून बुटक्यांच्या राजाने वर पाहिलं. समोर घोड्यावर तोच ताडमाड सम्राट होता, ज्याने बारा वर्षांपूर्वी त्याचा डोंगर बळकावून त्याला हाकलून दिलं होतं.

“एकदाच माझ्यापुढे वाक. डोंगर परत देतो,” सम्राट म्हणाला. “किती दिवस लोकांच्या घोड्यांना नाल ठोकणार?”

सगळा बाजार भोवती गोळा झाला. राजाने सावकाश घाम पुसला.

“डोंगराचा दरवाजा माझ्या आजोबांनी मुद्दाम आमच्या उंचीचा कोरलाय. आत येणाऱ्याने मान लववूनच यावं म्हणून. तोडलास का तो?”

“तो दगड फुटत नाही,” सम्राट पुटपुटला.

“म्हणजे बारा वर्षं माझ्या घरात रोज वाकून शिरतोयस! आणि मला वाकायला सांगतोस?” राजाने हातोडा उचलला. “नाल ठोकायची असेल तर रांगेत थांब.”