कार्बनचं हँडल

"आता उचलून बघा," सायकलवाला म्हणाला.

मास्तरांनी सायकलचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं. नवं हँडल कार्बनचं होतं. हाताला काही लागल्यासारखंच वाटेना.

"वजनाचं सोडा, मास्तर. रस्त्याचे हादरे हे स्वतःच पिऊन टाकतं. तुमच्या हातापर्यंत येऊच देत नाही."

मास्तरांना तेवढंच ऐकायचं होतं. गेलं वर्षभर रविवारी सायकलवर तासभर झाला की त्यांच्या तळहातांना मुंग्या यायच्या. पुढे पुढे त्या शिलाईच्या दुकानातही यायला लागल्या. काजं करताना बोटं चुरचुरायची, रात्री झोपमोड व्हायची. शिंप्याचा सगळा संसार बोटांच्या टोकांवर.

"आधी डॉक्टरांना हात दाखवून या," बायको कितीदा म्हणाली होती.

"डॉक्टर सायकल चालवतो का? दुखणं हँडलचं आहे, हाताचं नाही."

तिने परस्पर डॉक्टरांची वेळ ठरवली. त्या दिवशी दोघांचं असं वाजलं, की शेजारणीने खिडकी लावून घेतली. मास्तर गेले नाहीतच. वर, "माझे हात माझ्यापाशी राहू दे," असं तोडून बोलले. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं.

नवं हँडल बसवल्यावर पहिल्याच रविवारी ते सायकलच्या मंडळींबरोबर धरणापर्यंत जाऊन आले. हात जरा बरे वाटले. पुढच्या रविवारी आणखी बरे. महिना-दीड महिन्यात मुंग्या पार पळाल्या. रात्री डाराडूर झोप लागायला लागली. एका गिऱ्हाइकाने सैल बटणांचा शर्ट परत आणला, तेव्हा मास्तरांनी दोऱ्याला शिव्या घातल्या. त्यांच्या बोटात सुई रुतली, तर दुकानातला कारागीरच कळवळला. मास्तर हसत रक्त पुसून पुन्हा कामाला लागले.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात डोकावले. बायकोने शेवटची पोळी नुकतीच उतरवली होती; तवा अजून आचेवरच होता.

"बघ," ते म्हणाले, "डॉक्टरचं तोंड न बघताच गेलं की नाही?"

ती पदराला हात पुसत खुर्चीवर बसली. "गेलं खरं. माझंच चुकलं."

हे वाक्य ऐकायला ते कधीचे टपून बसले होते. पण तिचा आवाज इतका थकलेला होता, की जिंकल्यासारखं काही वाटेना.

"मला वाटलं, काहीतरी मोठं निघेल," ती म्हणाली. "तुम्ही चिडायचात, म्हणून मग बोलायचं सोडलं. भीती काही सुटली नाही."

मास्तरांना ओशाळल्यासारखं झालं. "बस तू. आज चहा मी करतो."

त्यांनी आधण ठेवलं आणि ते ओट्याशी रेलून उभे राहिले. रविवारी घाट कसा चढला, जाडोबा वकील कसा मागे पडला, ते रंगवून सांगायला लागले. कितीतरी दिवसांनी ती हसली. मग थांबली.

"काहीतरी जळतंय."

मास्तरांनी चहाकडे पाहिलं. चहा ठीक होता. "कुठे काय? भास होतोय तुला."

तिने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती काय बघतेय म्हणून त्यांनीही ओट्याकडे पाहिलं.

शेजारच्या शेगडीवरच्या धगधगत्या तव्यावर त्यांचा डावा तळहात निवांत टेकलेला होता.