नक्कल मागे आहे

पडद्यावर ओमप्रकाश राऊत अजून अमरावतीलाच होते. अतिदक्षता विभाग, खाट सहा, प्रकृती स्थिर. बेबीताईंनी चौकशीच्या खिडकीवरच्या आरतीला पुन्हा एकदा तेच वाचायला लावलं, तिनं वाचलं, आणि बेबीताई परत बाकावर जाऊन बसल्या.

आरतीच्या मागे खुर्चीत हरिहर बसला होता. दवाखान्याची अमरावतीची मोठी शाखा आणि अकोल्याची ही धाकटी, दोन्हीकडची मशीनं त्याच्याच गळ्यात. ओमप्रकाश पहाटेच गेले हे त्याला ठाऊक होतं. अमरावतीला फोन करून त्यानं स्वतः विचारून घेतलं होतं. तिकडच्या मशीनवर तशी नोंदही झाली होती. इथल्या मशीनपर्यंत ती पोचली नव्हती, एवढंच.

एवढंच म्हणायला काय जातं! इथलं मशीन म्हणजे तिकडच्याची नक्कल. तिकडे जे जे झालं ते त्याच क्रमानं इथे व्हायचं, मध्ये घुसायची सोय नाही. आणि खाटांच्या नोंदी ज्या तक्त्यात ठेवल्या होत्या, त्यातल्या ओळींना स्वतःचा असा क्रमांकच नव्हता. प्रायमरी की म्हणतात त्याला. ती टाका, ती टाका म्हणून हरिहरनं दोन दिवाळ्या घसा कोरडा केला. चालून राहिलं ना, मग कायले छेडता, असं म्हणत अमरावतीच्या साहेबांनी ते घोंगडं भिजत ठेवलं. काल तिकडे कुणीतरी एका हुकमात लाखो जुन्या नोंदी पुसल्या. इथल्या नकलेला मात्र त्यातली एकेक ओळ शोधून पुसायची होती. घरांना नंबर नसलेल्या गावात पोस्टमननं दर पत्राला पहिल्या घरापासून दारं ठोकत जावं, तसं तिचं चाललं होतं. बाकी सगळं तिच्यामागे रांगेत खोळंबलं, आणि त्याच रांगेत ओमप्रकाशही होते. मशीन थांबवून दुरुस्त करू का, असं हरिहरनं सकाळीच विचारलं. हात लावू नका, आपोआप येईल, म्हणून साहेबांनी फोन ठेवून दिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय त्याचं.

बेबीताई बार्शीटाकळीच्या, भाजी विकणाऱ्या. नवऱ्याला याच दवाखान्यातून अमरावतीला हलवलं, सोबत मुलगा देवानंद गेला. तेव्हापासून अकोल्याच्या बाजारात भाजी उतरवली की त्या रोज या खिडकीशी यायच्या. खिडकीनं आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. आज सकाळी मुलाचा रडत फोन आला की बाबा गेले, तू घरी जा, आम्ही निघतो. त्या घरी गेल्याच नाहीत. इथे आल्या, आणि खिडकी म्हणाली, प्रकृती स्थिर. आता कोणाचं ऐकायचं? देवानंद तर लहानपणापासूनच भित्रा, बापाला नुसती भोवळ आली तरी गावभर बोंबलत सुटणारा. हे सगळं त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या, आणि सांगताना हसत होत्या. पिशवीत फोन वाजत होता. तो त्या उचलत नव्हत्या. घरी सोयरे जमले असतील, चूल बंद असेल, आणि ही बाई इथे बाकावर नवरा जिवंत धरून बसलेली.

आरती हळूच म्हणाली, सर, तुम्हीच सांगा आता, मशीन तुमचं आहे. हरिहरला तिचा रागच आला. मशीन त्याचं असेल, हे सांगायचं काम काही त्याचं नव्हतं. झोप नाही, डोळे चुरचुरत होते, सकाळपासून चहासुद्धा धड मिळाला नव्हता. तरी तो उठला आणि बाकापाशी जाऊन उभा राहिला.

“ताई, आमचं मशीन मागे आहे. तिकडचं इकडे यायला वेळ लागून राहिला.”

“मागं हाय म्हंजे चूक हाय का?”

“चूक नाही. जुनं आहे.”

“जुनं तर जुनं,” बेबीताई म्हणाल्या. “त्या जुन्यात बरे हायेत ना ते?”

हरिहरचे वडील भिक्षुकी करायचे, मयताच्या घरांत त्यांचं जाणंयेणं रोजचं. आधी बाईच्या हातात पाणी द्यावं आणि मग बोलावं, असं ते सांगायचे. पाण्याची बाटली मागे टेबलावरच राहिली होती. मुलाचा फोन उचला ना ताई, एवढंच कसंबसं म्हणून तो खुर्चीत परतला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायचाही कंटाळा आला.

दुपारी फाटकाशी अमरावतीची रुग्णवाहिका येऊन थांबली. बार्शीटाकळीला जायची वाट अकोल्यावरूनच. आई घरी पोचली नाही म्हटल्यावर ती कुठे सापडेल हे देवानंदला बरोबर ठाऊक होतं. तो आत आला, आईसमोर उभा राहिला. रडत नव्हता.

“चाल आई. बाबा गाडीत हायेत.”

बेबीताईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठून त्याच्यामागे बाहेर गेल्या. गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आरतीनं मान खाली घातली.

मग बेबीताई एकट्याच परत आल्या. बाकावरची पिशवी उचलली, पदर डोक्यावरून घेतला, आणि आरतीला ओलांडून थेट हरिहरशी बोलल्या.

“सायेब, तिथली त्याईची खाट खाली करा आता. दुसऱ्या कोणाले लागन.”