छातीशी मोगरा

‘विसण घाला बाई, पाणी ऊन झालं थोडं, बघू द्या गं मला माझ्या लेकराचं तोंड.’

सकवारबाईचा तो घोगरा आवाज. मिरजेला शेजारणीचं तान्हं पायांवर घेऊन ती न्हाऊ घालायची आणि परकरातली रुचा मोरीच्या दाराशी उकिडवी बसून बघत राहायची. इतक्या वर्षांनी, दूर तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या चौथ्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या रुचाच्या कानांत तोच आवाज घुमत होता. थांबता थांबत नव्हता.

छाती दगडासारखी झाली होती. दूध आलं होतं, प्यायला कुणी नव्हतं. लेक पोटातच गेली. रुचा भुलीतून पुरती जागी झाली, तोवर तिचा नवरा हेरंब लेकीला पुरून परतलाही होता.

“तिच्यापुढे विषय काढायचा नाही,” मिरजेहून आल्या आल्या रुचाच्या आईनं, शैलाताईंनी, जावयाला बजावलं होतं. विषय कुणी काढला नाही. रुचानं खाणं टाकलं, तेव्हाही नाही.

सकाळी बेल वाजली. दारात समोरच्या महालक्ष्मी अक्का. तंजावरच्या, बोली मराठीच, पण जुन्या वळणाची. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मोगरा, घमघमणारा.

शैलाताई दारातच ताठ झाल्या. “अहो, गजरे कसले आणता? आमच्याकडे काय झालंय ते ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, म्हणूनच आणिले. केसांस नव्हे हो, छातीस बांधायाचे. दूध सुकते.” अक्का चपला काढता काढता म्हणाल्या, “माझेही ह्यानेच सुकले होते.”

शैलाताई बाजूला झाल्या.

अक्कांनी जुनं पातळ फाडलं, पट्टीवर फुलं पसरली, रुचाला उठवून बसवलं आणि गाठ आवळता आवळता सहज विचारलं, “लेक कुणासारखी होती, कण्णा, राजा?”

पेजेची वाटी घेऊन आलेल्या शैलाताई पलंगाशीच थबकल्या. हेरंब ओरगडमच्या कारखान्यात शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी त्याच्या हातात तशीच राहिली.

“मला नाही माहीत, अक्का,” रुचा म्हणाली. “मला कुणी दाखवलीच नाही.”

“रुचा, नको बाळा. विसरायचं आता.”

“काय विसरू, आई? आठवायला तरी काहीतरी द्या.”

खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. मग पुन्हा एकदा, लांबलचक. हेरंबनं बूट काढून ठेवले आणि पलंगाच्या कडेला येऊन टेकला.

“केस होते,” तो फरशीकडे बघत म्हणाला. “खूप. कपाळावर चिकटलेले. हनुवटी माझी. कान तुझे, वरून जरासे दुमडलेले.”

रुचानं आईच्या हातातून वाटी घेतली. एक घोट तोंडात घेतला, कितीतरी वेळ धरून ठेवला, मग गिळला. डोळे वाहत होते, पण वाटी तिनं खाली ठेवली नाही.

“अजून सांग.”

“बोटं लांब होती. तुझ्या आईंसारखी. पेटी वाजवली असती बघ.”

शैलाताई पदर तोंडाशी धरून खिडकीकडे वळल्या. अक्कांचा हात रुचाच्या पाठीवर तसाच होता. बस निघून गेल्याचा आवाज आला.

“अजून.”

हेरंब तिच्याजवळ सरकला.

“खड्ड्यात ठेवायच्या आधी तिच्या कानात कुर्र केलं मी,” तो म्हणाला. “बारशाला करतात तसं. नाव कुठं ठेवलं होतं आपण? मग तुझंच सांगितलं. आपण कुणाच्या, ते तिला ठाऊक असावं म्हणून.”