शंभर रुपयांची कपात

"दवाखानों की माँग में सौ रुपये कम किए जाएँ," अशी राजमल्लूची कपात-सूचना सभापतींनी वाचून दाखवली, आणि हिम्मतरावांची नजर आपोआप वर प्रेक्षकांच्या सज्जाकडे गेली. चतुराबाई कठड्याला टेकून बसली होती. बाजारहाटापुरती दखनी तिला कळे. 'दवाखाना' कळला, 'सौ रुपये' कळले, 'कम' तर कळलंच कळलं.

तिला बजेट दाखवायला हिम्मतरावांनीच हैदराबादला आणलं होतं. रझाकारांच्या दिवसांत ते वॉरंट चुकवत फिरत, तेव्हा याच बाईनं त्यांना कडब्याच्या गंजीत लपवून भाकरी घातली होती. त्याच साली तिची सून बाळंतपणात, दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली. 'आपलं राज्य आलं की गावात दवाखाना,' असा शब्द हिम्मतरावांनी तिच्या दारात उभं राहून दिला. राज्य आलं. हिम्मतराव आमदार झाले, तेही सरकारी बाकावरचे. दवाखाना तेवढा अजून वाटेत होता.

आता विधानसभेची रीत अशी, की खर्च वाढवा म्हणायचा हक्क सभासदाला नाही. तो फक्त सरकारला. सभासदानं कमी करा एवढंच म्हणायचं. म्हणून ज्याला गाऱ्हाणं मांडायचंय तो त्या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कापा म्हणतो आणि त्या निमित्तानं बोलून घेतो. लाखांच्या मागणीतले ते शंभर रुपये कुणालाच नको असतात. ती तोंड उघडण्याची फी. मात्र अशी सूचना चुकून मंजूर झाली तर भर सभागृहात सरकारची नाचक्की होते, आणि ती धुऊन काढायला मागितलेलं काम निमूट करावं लागतं.

राजमल्लू विरोधी बाकावरचा, गोदावरीपलीकडचा. हिम्मतराव पुढं पकडले गेले तेव्हा तुरुंगात दोघांच्या पथाऱ्या शेजारी होत्या. तिथं त्यानं हिम्मतरावांकडून मराठी घेतली, हिम्मतरावांनी त्याच्याकडून तंबाखू. 'आमच्या पक्षात मला याच्यावर बोलू देत नाहीत. तू बोल,' म्हणून त्या सुनेची हकिगत हिम्मतरावांनीच त्याला सांगितली होती. आणि तो बोलला. तेलुगूत, हातातला कागद बाजूला ठेवून. चतुराबाईला त्यातलं एकच कळलं, आपल्या गावाचं नाव. ते ऐकताच ती ताठ झाली.

मंत्रीमहाशय उठले, 'विचार केला जाईल' म्हणाले आणि बसले. राजमल्लूनं सूचना मागं घ्यायला नकार दिला. मत घ्यायचं ठरलं.

पक्षाचे प्रतोद लक्ष्मणराव बाकावरून सरकत सरकत हिम्मतरावांना येऊन चिकटले. काचीगुड्याचे वकील. तीन पिढ्या सरकारदरबारी गेलेल्या. राज्य बदललं तशी त्यांची शेरवानी बदलून खादीची झाली, आतले लक्ष्मणराव होते तेच राहिले.

"आज आपली बाकं फार उघडी दिसताहेत, हिम्मतराव. निम्मी मंडळी मेव्हण्यांच्या लग्नात. एकेक हात मोलाचा आहे, बरं का."

"दवाखाना माझ्या गावचा आहे, वकीलसाहेब."

"म्हणून तर म्हणतो! तो राजमल्लूच्या हातून झाला तर पाटीवर नाव कुणाचं लागेल? आणि पैसा आहे कुठं? करोडगिरीचे जकातनाके उठत चालले, ते उत्पन्न आटलं. दारूच्या लिलावावर आणि दिल्लीच्या मेहेरबानीवर चाललाय खजिना. पुढल्या बजेटात बघू की. तुमचं तिकीटसुद्धा पुढंच आहे ना?"

सभापतींनी सूचनेच्या बाजूचे हात मोजायला सांगितले. समोरची बाकं उठल्यासारखी झाली. हिम्मतरावांचा हात मांडीवर होता. तो उचलायला लागतं काय, कोपरात एक घडी मोडायची. त्यांनी ती मोडली नाही.

"जो ख़िलाफ़ हैं, हाथ उठाएँ."

लक्ष्मणरावांनी मान वळवून बघितलं. हिम्मतरावांचा हात आधी खांद्यापर्यंत गेला, मग पुरता वर. सज्जाकडे त्यांनी या वेळी पाहिलं नाही. सूचना थोडक्यात पडली. दवाखान्यांची मागणी आली तशी मंजूर झाली. त्यात नवा दवाखाना एकही नव्हता.

जिना उतरताना हिम्मतरावांनी मनाशी वाक्य जुळवलं. मावशी, तुझा दवाखाना मी या हातानं पाडला. असंच सांगायचं, आडवळण न घेता. एवढं तर त्या भाकरीचं देणं लागतोच.

बाहेर बागेत चतुराबाई उभी होती. दोन पावलांवर राजमल्लू, काखेत कागद मारून. हिम्मतराव दिसताच ती पुढं आली, त्यांच्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"लेकरा, समदं बघितलं म्या. ह्या मेल्यानं आपल्या गावाचं नाव घिऊन दवाखान्याचे शंभर रुपये कापाया काढले. आन् तू हात वर करून वाचवलेस!" मग ती राजमल्लूकडे वळली. "तुझ्या घरात लेकीसुना न्हाईत का रं?"

राजमल्लूला मराठी चांगली कळत होती. तो हिम्मतरावांकडे बघत थांबला.

हिम्मतरावांचं जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

"चल मावशी, गाडी चुकेल," ते म्हणाले. "आणि गावात गेलीस की हे असंच सांग सगळ्यांना."