टेपचं टोक

मामाच्या घड्याळांच्या दुकानापाशी आला आणि भाच्याचं नाक फुरफुरलं.

नाक कसलं, वरदानच ते. दुकानांच्या पाट्या बनवायचा धंदा काढून त्याला तीन महिने झाले होते. हातात एक काम नव्हतं, पण नाक मात्र तयार झालं होतं. एखादं जुनं दुकान बसल्याशिवाय नवं उघडत नाही, आणि नवं उघडल्याशिवाय नवी पाटी लागत नाही. म्हणून हा बसायला आलेली दुकानं हुंगत फिरायचा. तीन गल्ल्या पलीकडून वास यायचा त्याला. एकदा तर म्हणे एका कापडवाल्याला त्यानं तोंडावर सांगितलं, तुम्ही मंगळवारी शटर ओढणार. त्या माणसानं सोमवारीच ओढलं. म्हणाला, एक दिवस उगाच कशाला बसू.

खुणा ठरलेल्या होत्या. मालक आतलं स्टूल बाहेर घेऊन बसला, ही पहिली. अर्धे दिवे बंद, ही दुसरी. आणि उरलासुरला माल पुढे ओढून मागची रिकामी फळी झाकली, की समजायचं, आटोपलं.

मामा बाहेर स्टुलावर बसला होता.

"कोण, तू होय?" मामानं चष्मा कपाळावर सरकवला. "मला वाटलं गिऱ्हाईक. म्हटलं, उठावं का बसावं."

"गिऱ्हाईकच समज."

"मग काय दुरुस्त करू तुझं? लहानपणापासून सगळंच बिघडलेलं."

"सहज आलो," म्हणत भाचा आत शिरला. डोळे आपोआप फिरले. दोनातला एक दिवा बंद. मनगटी घड्याळं सगळी पुढे काचेला चिकटलेली, मागं नुसती भिंत. आणि वर टांगलेल्या चाळीसेक घड्याळांतलं एकही टिकटिकत नव्हतं.

"सगळी बंद?"

"सेल काढून ठेवलेत. कुणी मागितलं की घालून द्यायचं. तोवर सुट्टीवर आहेत बिचारी." मामा स्वतःच हसला. "तू सांग. मिळालं का पहिलं काम?"

"बोलणं चाललंय."

"मिळेल रे. हात आहे तुझा. माझ्या पाटीवरचा तो पहिला 'घ' बघ. दहा वर्षांचा होतास काढलास तेव्हा. पोट जरा सुटलंय त्याचं, पण वीस वर्षं जागचा हलला नाही."

भाच्यानं वर बघितलं नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जागांचा दलाल होता. सकाळीच त्यानं सांगून ठेवलेलं, मोबाइलच्या एका बड्या दुकानाला या रस्त्यावर गाळा हवाय. रिकामा होणारा गाळा संध्याकाळपर्यंत दाखव, पाटीचं काम तुझं. नाही जमलं तर दुसरा पाटीवाला दारात उभाच आहे.

एरवी दलालाचा आवाज फोनच्या बाहेर आला नसता. पण त्या दुकानात टाचणी पडली असती तरी माणूस दचकला असता.

"सापडला का गाळा?"

"एक बघतोय," भाचा कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाला.

"मालक किती दिवस काढेल?"

भाचा हळूच म्हणाला, "दोन महिने. फार तर."

"आणि समोरची रुंदी?"

भाच्यानं डोळ्यांनीच मोजलं. "दहा फूट."

"साडेदहा," मागून मामा म्हणाला.

भाच्यानं फोन बंद केला. वळला, तर मामा स्टूल उचलून पाटीच्या डाव्या कोपऱ्याखाली ठेवत होता.

"मामा, ते काय आहे ना..."

"दोन महिने जरा जास्तच सांगितलेस." मामानं स्टूल हलवून बघितलं. "टेप आणलीयस ना? खिसा मघापासून फुगलाय. मला वाटलं, मामीसाठी काही खायला आणलंस."

भाच्यानं टेप काढली. द्यावी का नाही, या विचारात ती हातातच धरून उभा राहिला. मामानंच त्याच्या मुठीतून टोक ओढून घेतलं आणि गुडघ्यावर हात ठेवत स्टुलावर चढला. एकदा डुगडुगला. भाचा पुढे झाला, तर म्हणाला, "तू तुझं बघ."

टेपचं टोक त्यानं पाटीच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं, बरोबर 'घ'च्या पोटावर. भाचा टाचा उंचावून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत गेला.

"अजून मागं जा. ताणून धर," मामा वरून म्हणाला. "झोळ पडला की आकडा चुकतो. पहिलं काम आहे तुझं."