पाय लागला

वाटेत पाय पसरून मी डुलकी लागल्याचं सोंग घेतलं होतं. बाहेर अंटार्क्टिकाचं वादळ खिडक्या बडवत होतं. बर्फातून आम्हीच खणून काढलेलं ते जे काही होतं, ते तळावर उरलेल्या आम्हा तिघांपैकी एकाचं रूप घेऊन आत वावरत होतं. कोणाचं, तेच कळत नव्हतं. बायकोचं माहेर विचारा, शाळेतल्या बाईंचं नाव विचारा, सगळ्यांना सगळं आठवत होतं. पण लहानपणापासून हाताला लागलेलं वळण त्याला कुठून येणार?

चहा आणताना सदावर्तेचा बूट माझ्या पायाला लागला. तो पटकन वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि छातीशी नेला. "सॉरी हं, डॉक्टर."

मागून बिस्किटं घेऊन कर्णिक आला. त्याचाही पाय लागला आणि त्याचाही हात आपोआप छातीशी गेला.

मी चक्रावलो. दोघंही माणसंच? मग ते गेलं कुठं? वैतागून खिशात हात घालत ताडकन उठलो, तर माझा बूट सदावर्तेच्या पायावर पडला.

तो माझ्याकडे बघतच राहिला. कर्णिकच्या हातातला पुडा तसाच राहिला.

"असं काय बघताय?"

"डॉक्टर," सदावर्ते हळूच मागे सरकला, "तुमचा पाय लागला मला."

"लागला तर लागला! मग काय?"

दोघांची नजर माझ्या खिशाकडे गेली. मीही खाली पाहिलं.

मला तर सगळं आठवत होतं. हात मात्र अजून खिशातच होता.