पेटीला चिंच

लातूरला डोळ्याचं ऑपरेशन करून गुंडप्पा दुपारी उदगीरला परतले, ते घराच्या उंबऱ्यातच थांबले. समोर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर त्यांच्या पेटीचे सदतीस सूर रांगेनं मांडले होते. बोटाएवढ्या त्या पितळी पट्ट्या समईसारख्या लखलखत होत्या. प्रत्येकीवर विभूतीचा ठिपका. शेजारी पेटी पडलेली, पोट उघडं टाकून.

"कोणी हात लावला?"

"आज खंडेनवमी न्हाई का, मामा," त्यांची सून मंजुश्री हौसेनं म्हणाली. "तुम्ही यायच्या आत करून ठेवावं म्हटलं. लई काळे पडले होते. चिंच लावून घासले, देवाच्या भांड्यावानी."

"चिंच?"

"चिंचेनं निघंना, मग ह्यांनी दुकानातला पॉलिश पेपर आणून दिला. कोणीतरी ओरखडे पाडून ठेवले होते एकेकावर. ते बी काढून टाकले."

"ते कोणीतरी म्हंजे मी!"

गुंडप्पांनी हातातली पिशवी भिरकावली. डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली घरंगळत पलंगाखाली गेली.

पन्नास वर्षांपूर्वी ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. दर रविवारी दुपारी रेडिओवर पंधरा मिनिटं पियानो लागायचा. उदगिरात पियानो कोणी पाहिलेला नव्हता. कोणी म्हणे टेबलाएवढा असतो, कोणी म्हणे बैलगाडीएवढा. वाजवणाऱ्याचं नाव निवेदक घाईत सांगायचा, ते खरखरीत बुडून जायचं. पण त्याची बोटं गुंडप्पांच्या ओळखीची झाली होती. त्यांची पेटी काही त्या पियानोशी जुळेना. मग ती मांडीवर घेऊन ते रेडिओसमोर बसू लागले. पियानोचा एक सूर कानात धरायचा, पेटीतला तेवढा सूर काढायचा, कानशीनं केसभर खरवडायचा, तोंडानं फुंकून पाहायचा. एका रविवारी एकच. पावसाळ्यात स्टेशन लागायचं नाही. सगळी पेटी जुळायला सव्वा वर्ष गेलं. पुढं तो कार्यक्रम बंद पडला. पियानो उरला तो या पेटीत.

मुलगा संगमेश झेंडूची माळ घेऊन आत आला. पुढं गुंडप्पांनीच चालवायला घेतलेल्या त्या रेडिओच्या दुकानाचं त्यानं आता मोबाईलचं दुकान केलं होतं.

"एवढं काय झालं, अप्पा? सूर दाखवणारं अ‍ॅप हाय मोबाईलवर. अन् तो पियानो बी सापडंल. नाव सांगा त्याचं."

"नाव ठाऊक असतं तर तुझ्या तोंडाकडं बघत बसलो असतो का रे?"

संगमेशनं तरीही शोधलंच. "हा का? मग हा बघा. हा?"

"बंद कर! भांडी आपटल्यावानी वाजायलंय."

गुंडप्पांनी खाली बसून पहिला सूर उचलला आणि ओठाला लावून फुंकला. जिभेला चिंच लागली. आवाज चिरकत वर गेला.

"हा सूर हाय का?"

"वाजतोय की, अप्पा."

"वाजायला टमटमचा हॉर्न बी वाजतो!"

त्यांनी डोळे मिटून जुना सूर आठवायला घेतला. कानात नुसतं रक्त धडधडत होतं. पुन्हा प्रयत्न केला. नाही सापडला. त्यांना एकदम भीती वाटली, आणि भीतीनं राग आणखी भडकला.

"मारला," ते ओरडले. "दोघांनी मिळून मारला त्याला!"

इतका वेळ खाली मान घालून उभी असलेली मंजुश्री पुढं आली.

"मारला म्हणू नका, मामा. सकाळधरनं बसले म्या. ही बोटं बघा." बोटांची सालं निघाली होती. "आकरा वर्षं झाले. तुम्ही रोज सकाळी पेटीवर तेच एक गाणं वाजवता, अन् म्या आत भाकरी थापते. एक दिवस तरी सांगितलं का, मंजू, हे असं असं हाय म्हणून? नुसतं, हात लावू नको. जशी काय म्या बहिरीच हाय!"

आणि रागारागानं, नाक ओढत, तिनं ते गुणगुणून दाखवलं. शब्द नव्हतेच त्याला. पेटी जशी वाजायची तसं, पहिल्यापासून. मध्ये एका जागी गुंडप्पांची करंगळी रोज अडखळायची. तिथं ती अडखळलीसुद्धा.

"थांब!"

"आता काय केलं म्या?"

"थांब म्हणतो ना. सुरुवातीचा सूर घे. तोच धरून ठेव. सोडू नको."

गुंडप्पा उठले आणि देवासमोर गेले. तिथं पाटावर दुकानाची अवजारं पूजेला मांडली होती. पेचकस, पकड, सोल्डरिंगची डागणी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. त्यातून त्यांनी आपली जुनी कानस ओढून काढली. झेंडूची फुलं खाली पडली.

"अप्पा!" संगमेश माळ हातात धरून तसाच उभा. "आज अवजार चालवत नसतेत! उद्यापर्यंत तरी थांबा."

"उद्यापर्यंत तिच्या कानात राहिलं न्हाई तर? तू आणून देशील? सरक."

ते भिंतीला टेकून बसले. वर्तमानपत्रावरून तेवढा सूर उचलून गुडघ्यावर धरला आणि त्याच्या बुडाशी कानस दोनदा चालवली. पितळेचा कीस आणि कुंकू मिळून त्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं. त्यांनी सूर फुंकला.

"आलं का?" भांडायला उठल्यासारखं त्यांनी विचारलं.

मंजुश्रीनं पदरानं नाक पुसलं. डोळे मिटून ऐकलं.

"न्हाई, मामा. अजून."